आईचा डावा डोळा

"डावा डोळा खाली गेलाय," असा आवटी सरांचा मेसेज आला आणि पाच मिनिटांत त्रेसष्ट माणसांसमोर माझ्या आईच्या तोंडावर लाल रेघा उमटल्या.

रविवार होता, सकाळचे दहा. बार्शीच्या घरात पलंगावर मांडी घालून मी टॅब घेऊन बसले होते. समोर खुर्चीत अप्पा लसूण सोलत होते.

"काय म्हणतात तुझी माणसं?" त्यांनी विचारलं.

"डोळा खाली गेलाय म्हणतात."

"कुणाचा?"

"आईचा. डावा."

अप्पांनी पाकळी ताटलीत टाकली. "खालीच होता की तो."

"अप्पा, तेवढा नव्हता. मी काढताना चुकलाय."

"बरं," अप्पा म्हणाले आणि त्यांनी पुढचा गड्डा फोडायला घेतला.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी तेव्हाही एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते आणि आजही तिथेच आहे. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचं, काचपट्ट्या तपासायच्या आणि घरी आलं की टॅबवर चित्रं काढायची. शिकले कुठेच नव्हते. नुसती हौस. मोबाइलवर 'रेघोट्या' नावाचा एक गट सापडला आणि त्या हौसेला शिस्त लागली.

गटाचा नियम एकच आणि तो भलताच कडक. कुणाच्या चित्राखाली 'छान' लिहायचं नाही. 'छान'मधून काही कळत नाही, असं सरांचं म्हणणं. जो लिहील त्याने दंड म्हणून दहा हातांची चित्रं काढून गटावर टाकायची. हात म्हणजे मनगटापासून पुढचे पंजे, आणि चित्रकलेत त्याहून छळवादी वस्तू दुसरी नाही. पहिल्या महिन्यात मी चाळीस हात काढले, कारण मला सगळ्यांचंच सगळं छान वाटायचं.

ज्याचं त्याचं चित्र पुरं होईपर्यंत दर रविवारी पटावर, म्हणजे गटासमोर, यायचं. इतरांनी चुका दाखवायच्या आणि शेवटी सरांनी ते 'लाल' करायचं. म्हणजे असं, की आपण आपल्या चित्राची अख्खी फाइल सुट्या सुट्या लेअरसकट, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांसकट, सरांना पाठवायची. ते वर एक नवा लेअर उघडून लाल रंगाने बरोबर रेघ मारून दाखवायचे. मग आपण त्या रेघेवरून आपलं चित्र सुधारायचं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. स्वयंपाकघरात परक्याला सोडण्यातला प्रकार. पण आम्हाला त्यात काही वाटत नसे.

चिदानंद आवटी सर सांगलीच्या एका शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. वय अडुसष्ट. बासष्टाव्या वर्षी टॅब हातात घेऊन पहिल्यापासून शिकलेले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त फोनवरचा आवाज माहीत होता. उजेड कुठून येतो ते आधी ठरव, केस शेवटी काढ, आवडलेला भाग आधी पुसून बघ, हे सगळं त्यांनी शिकवलं. माझी चित्रं जी काही सुधारली ती या माणसामुळे. रागाच्या भरात हे नाकारायचा मी पुढे खूप प्रयत्न केला, जमलं नाही.

आई त्याच्या आदल्या श्रावणात गेली होती. तिचा धड असा एक फोटो घरात नव्हता. तिचे पुढचे दात थोडे पुढे होते, ओठ पूर्ण मिटायचे नाहीत, म्हणून कॅमेरा दिसला की तिचा पदर तोंडावर जायचा. भिंतीवर आम्ही तिच्या आधार कार्डाचा फोटो मोठा करून लावला होता आणि त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसत होती.

"वर्षश्राद्धाच्या आत हे काढून टाकू," अप्पा एक दिवस म्हणाले होते. "तू एवढी चित्रं काढतीस. तिचं काढ. तिच्यासारखं दिसलं पाहिजे, बास."

म्हणून मी आठवणीतून आई काढली आणि ती पटावर ठेवली.

आता डोळ्याबद्दल. आईचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरासा खाली होता, हे खरं. पण माझ्या प्रत्येक चित्रात प्रत्येकाचाच डावा डोळा खाली जायचा, हेही खरं. नवशिक्याची ती ठरलेली चूक आहे. वर्षभर सर माझे डावे डोळे वर उचलत आले होते. मग आता खाली गेलेला डोळा आईचा किती आणि माझ्या कच्च्या हाताचा किती, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी डोळा वर घेतला. चेहरा एकदम नीटनेटका झाला. मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी सरांचा फोन आला.

"ऊर्मिला, डावी भुवई मध्येच तुटलीय बघ. ब्रश घसरला काय?"

"नाही सर, तिथे आईला व्रण होता. स्टोव्हचा भडका उडाला होता एकदा."

"असेल की. पण बघणाऱ्याला ते कसं कळायचं? त्याला चूकच वाटणार. तू काय चित्राशेजारी उभी राहून सगळ्यांना सांगत बसणार आहेस?"

मला हसू आलं. आणि पटलंही. मी व्रण भरून टाकला आणि खाली लिहिलं, धन्यवाद सर.

तिसऱ्या रविवारी हनुवटी आली. सरांनी ती लाल रेघेने निमुळती केली आणि मध्ये एक बारीक सावली टाकली. "इथे पुसटशी खळी असते. सगळ्यांना असते, आपण बघत नाही," म्हणाले. मी आरशात जाऊन स्वतःची हनुवटी बघितली. खळीबिळी काही नव्हती. मला वाटलं, आपली नजर अजून तयार झालेली नाही. खळी टाकली.

त्याच दिवशी ते म्हणाले, "फाइल फार जड झालीय. इकडं उघडायला वेळ लागतोय. सगळे लेअर एकत्र करून टाक. जुन्या चुका कशाला सांभाळायच्या?"

मी केले. आणि मी एवढ्यावर थांबले नाही. पहिल्या रविवारचं ते वेडंवाकडं तोंड गटावर अजून दिसत होतं, त्याची मला लाज वाटायला लागली होती. ते मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं.

चौथ्या रविवारी नझीरभाईंनी लिहिलं. नझीरभाई इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला, पन्नाशीचे, मोबाइलवर बोटाने चित्रं काढायचे. त्यांच्या चित्रातली लांबची माणसं कोणती आणि जवळची कोणती हे त्यांनाच कळायचं. ते सहसा गप्प असत. त्या दिवशी मात्र त्यांचा मेसेज आला, "ताई, पहिल्या चित्रातली बाई आता काहीतरी बोलंल असं वाटत होतं. ही फोटो काढून घ्यायला बसलीया."

मला राग आला. खरं सांगायचं तर तो राग यायच्या आधी क्षणभर पोटात काहीतरी हललं होतं, पण मी रागच उचलला. मी लिहिलं, "नझीरभाई, आधी शरीराची प्रमाणं शिका, मग बोलू." दोघातिघांनी हसणारी तोंडं टाकली. नझीरभाईंनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

पाचव्या रविवारी दात गेले. "दात नको," सर फोनवर म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, घाईत असल्यासारखा होता. "ओठ मिटव. अलगद, हं. डावीकडं जरा जास्त. हसायच्या आधी माणूस थांबतो ना, तसे."

मी तीन संध्याकाळी त्या ओठांवर घालवल्या. इतके सुंदर ओठ मी त्याआधी काढले नव्हते, नंतरही नाहीत.

सहाव्या रविवारी मी पूर्ण झालेलं चित्र ठेवलं. मग सरांनी एक शब्द लिहिला. "छान."

गटात हलकल्लोळ झाला. सरांना दंड! सरांना दहा हात! संध्याकाळी सरांनी इमानदारीत दहा हात काढून टाकले. दहाही हात बाईचे होते, दहाही उजवे, आणि प्रत्येकाच्या करंगळीजवळच्या बोटात एकच पातळ अंगठी होती. आम्ही त्यावरही खूप चेष्टा केली.

मी दोन प्रती छापून फ्रेम करून आणल्या. एक घरासाठी, एक सरांसाठी. घरची फ्रेम खुर्चीवर टेकवून मी अप्पांना हाक मारली. ते चष्मा लावून समोर उभे राहिले. एकदा जवळ गेले, एकदा मागे आले.

"कसं झालंय?"

"छान आहे," अप्पा म्हणाले आणि पाण्याची टाकी भरली का ते बघायला गच्चीवर गेले.

आठवड्याने गुरुपौर्णिमा होती. मी लॅबमधून रजा काढली, दुसरी फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळली आणि एसटीने सांगोल्यामार्गे मिरज, तिथून सांगली गाठली. सरांना कळवलं नव्हतं. अचानक जाऊन पाया पडायचं, फ्रेम हातात द्यायची आणि त्यांचं तोंड बघायचं, एवढाच बेत. बसमध्ये सबंध वेळ ती फ्रेम मी मांडीवर धरली होती.

विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर घर होतं. माझ्याच वयाच्या एका बाईने दार उघडलं. सरांची पुतणसून, रूपा.

"काका आंघोळीला गेल्यात. बसा की. लांबनं आलाय काय?"

"बार्शीहून. मी सरांची विद्यार्थिनी."

"अगं बाई! आज मग बरोबर आलाय. बसा, चहा टाकते."

मी बसले आणि मान वर केली.

समोरच्या भिंतीवर माझी आई होती. माझ्या मांडीवर होती तीच, पण दुप्पट मोठी. ताज्या शेवंतीचा हार, खाली छोट्या फळीवर उदबत्ती. मला आधी नुसतं भरून आलं. माझ्या आईला या माणसाने हार घातला! कोणाला मिळतो असा गुरू? डोळ्यांत पाणी घेऊन मी उठून चित्रासमोर गेले.

रूपा पाणी घेऊन आली. "आमच्या काकू," ती म्हणाली.

"काय?"

"सरोजिनीकाकू. काकांच्या मिसेस. अकरा वर्षं झाली. पुरात जुन्या घरातले फोटोचे अल्बम सगळे गेले बघा, एक ऱ्हायला नव्हता. काकांनी किती वर्षं प्रयत्न केला काढायचा, जमायचंच नाही. रडायचे. आत्ता कुठं जमलं. हुबेहूब! आमच्या सासूबाईंनी बघितलं, तर मटकन खालीच बसल्या."

"ही माझी आई आहे," मी म्हणाले.

रूपा हसली. पाहुणी काहीतरी बोलतेय, म्हणून हसतात तसं. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. ती आत गेली आणि शाळेच्या शिक्षकांचा एक जुना समूहफोटो घेऊन आली. कुणाकडून तरी पुरानंतर मिळालेला. तिसऱ्या रांगेत एक बाई होती, नखाएवढ्या चेहऱ्याची. निमुळती हनुवटी, त्यात खळी, ओठ मिटलेले, डावीकडे जरा जास्त.

दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारी बाई मी. मला नखाएवढा चेहरा पुष्कळ झाला.

सर बाहेर आले तेव्हा पांढरा सदरा घालत होते. बारीक, उंच, बोटांवर डाग पडलेले. मला त्यांनी ओळखलं नाही. मग माझ्या हातातली अर्धवट उघडलेली फ्रेम दिसली आणि ओळखलं. रूपा कपबशा तशाच ठेवून आत निघून गेली.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "डोळा वर घेतला तेव्हा काही मनात नव्हतं, ऊर्मिला. देवाशपथ. भुवईलाही नव्हतं. चूक दिसली, दुरुस्त केली."

"कधी कळलं?"

"तिसऱ्या रविवारी. हनुवटीची रेघ मारली आणि हात थांबला. समोर सरोजिनी."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगायला पाहिजे होतं."

"मग सांगितलं का नाही?"

सर माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत होते. "ओठ राहिले होते," ते म्हणाले.

मी आजवर कुणाच्या तोंडावर हात उगारलेला नाही. त्या क्षणी उगारला असता. एवढा म्हातारा माणूस, गुरुपौर्णिमेचा दिवस, तरीही. मला आठवत होत्या त्या तीन संध्याकाळी. मी परक्या बाईचे ओठ काढत होते आणि काढताना आई आई म्हणून रडत होते, आणि या माणसाला ते माहीत होतं. फोनवर मी त्याला सांगितलं होतं तसं. तो म्हणाला होता, रड, रडताना हात हलका पडतो.

"माझे लेअर एकत्र करायला लावलेत," मी म्हणाले. "फाइल जड झाली म्हणून. की मी मागे जाऊ नये म्हणून?"

त्यांनी सदऱ्याची बटणं लावायला घेतली. नाही म्हणाले असते तरी मी विश्वास ठेवला असता, इतकी मी त्यांची होते. पण ते नाही म्हणाले नाहीत.

"मला एकदाही जमली नव्हती गं," ते शेवटी म्हणाले. "अकरा वर्षं. माझ्या हातातनं नाहीच आली. तुझ्या हातातनं आली." मग अगदी बारीक आवाजात, "काढून ठेवू काय भिंतीवरनं?"

"राहू द्या," मी म्हणाले. "ती माझी आई नाहीच."

हातातली फ्रेमही मी तिथेच टाकली. पाया पडले नाही. जिना उतरताना रूपा मागून हाका मारत होती, "ताई, चहा तरी," आणि तिचा काही दोष नव्हता तरी मी वळून पाहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा अप्पा ओट्याशी उभे राहून भात लावत होते. चपला काढायच्या आधीच मी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना? ती आई नाही म्हणून?"

अप्पांनी कुकरचं झाकण लावलं. "कळलं होतं."

"मग बोलला का नाही? छान कशाला म्हणालात?"

"तू एवढी खूश होतीस, उमे. रोज बसून काढत होतीस. मला वाटलं, एवढी शिकलीय, हिला कळत असंल. हिला आई अशीच दिसत असंल, तर आपण कशाला मोडता घाला?"

मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. सरांवर, अप्पांवर, आणि सगळ्यांत जास्त त्या चौथ्या रविवारवर. नझीरभाईंचा मेसेज वाचताना पोटात हललं होतं ते काय होतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. चित्र रोज चांगलं होत होतं, लोक रोज माझं कौतुक करत होते, आणि मी आईला सोडून त्यांच्या मागे गेले होते. सरांना निदान त्यांची बायको मिळाली. मी नुसत्या शाबासकीवर आई दिली.

पहिलं चित्र कुठेच नव्हतं. फाइलमध्ये नव्हतं, गटावरचं मीच पुसलं होतं. वर्षश्राद्ध वीस दिवसांवर आलं होतं. मी पुन्हा काढायला बसले. डोळे मिटले की सरोजिनीबाई यायच्या, खळीसकट.

तिसऱ्या दिवशी लाज गिळून नझीरभाईंना फोन लावला. मागे मागाची खडखड ऐकू येत होती.

"नझीरभाई, मी त्या दिवशी वाईट बोलले. माफ करा."

"जाऊ द्या ओ ताई. प्रमाणं शिकायलाच पायजेत मला."

"तुम्ही माझं पहिलं चित्र... ते तुमच्याकडे असेल का?"

"हाय की. मी ठेवलंय. आवडलं म्हणून ठेवलं. 'छान' लिवायला बंदी हाय, मग माणसानं काय करायचं? ठेवून घ्यायचं."

पाच मिनिटांत आलं. छोटं, जरा धुरकट. मी ते बघायच्या आधी टॅब अप्पांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. या वेळी ते मागेपुढे झाले नाहीत. एक बोट काचेवर टेकवलं, डाव्या डोळ्याखाली, आणि तिथेच ठेवलं.

"ही," ते म्हणाले. "हीच. आता बोलंल बघ, गॅस बंद केला का म्हणून."

आणि त्यांनी टॅब माझ्याकडे वळवला.

मी पाहिलं. तुटकी भुवई, पुढे आलेले दात, न मिटलेले ओठ. माझ्या हाताने काढलेली, कुणीही हात न लावलेली आई. मी वाट बघत राहिले, की आता माझ्या पोटात काहीतरी हलेल. पण मला दिसलं ते एवढंच, की डावा डोळा खाली गेलाय. हनुवटीखाली सावली नाही. ओठांची रेघ कच्ची आहे. वर्षभर घोटून घोटून तयार झालेली नजर ती, तिला चुका सोडून काही दिसेना.

तेच चित्र आज भिंतीवर आहे. वर्षश्राद्धाला आलेल्या बायकांनी त्याच्यापुढे पदर डोळ्याला लावले, मावशी तर त्याच्याशी भांडली. त्या गटातून मी बाहेर पडले, चित्रं मात्र काढते, आणि लोक म्हणतात चांगली काढते. आईच्या चित्राला मी कधी हात लावलेला नाही. पण जाता-येता तिच्याकडे नजर गेली, की माझं बोट माझ्या नकळत हवेतच तिचा डोळा वर घेतं.